लोखंडाचं कौतुक

माझ्या वडिलांना सगळी वसाहत भोंगा म्हणायची, आणि ते नाव त्यांना शोभायचं. वीजघरातल्या डिझेल इंजिनाशेजारी उमेदीची सगळी वर्षं काढल्यावर त्यांचे कान कामातून गेले होते. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून ते जगाशी ओरडून बोलत. मीठ मागितलं तरी तीन घरं मीठ घेऊन धावतील अशा आवाजात.

वीजघर बंद झालं तेव्हा आम्हाला वाटलं, इंजिन भंगारात जाईल आणि एकदाची पीडा टळेल. पण कुणाच्या तरी डोक्यात संग्रहालयाचं खूळ शिरलं. ज्या धुडाने वसाहतीच्या भिंतींना तडे पाडले, फडताळातली भांडी रात्रंदिवस खणखणत ठेवली, दोरीवरच्या धुतल्या चादरींवर काजळी ओकली, त्याचं पितळ आता घासूनपुसून लख्ख केलं, अंगाला हिरवा रंग दिला आणि भोवती मखमली दोरी बांधली. उंची दोन मजली घराएवढी. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते थोडा वेळ चालवत. माणसं तिकीट काढून येत आणि ते धडधडायला लागलं की टाळ्या वाजवत. लोखंडाला टाळ्या कळतात अशी त्यांची समजूत असावी.

आईने तिथे कधी पाय ठेवला नाही. "त्या सवतीचं तोंड बघायला मी तिकीट काढून जाऊ?" एवढंच म्हणायची.

संग्रहालयाचा संचालक हा टोकदार बुटांचा, मऊ आवाजाचा माणूस. प्रत्येक वाक्यात एकदा तरी 'वारसा' म्हटल्याशिवाय त्याचा घास गिळला जात नसे. त्याने बाबांना शोधून काढलं आणि निळा कोरा डगला शिवून दिला, खिशावर संग्रहालयाचं चिन्ह. उभी नोकरी बाबांनी तेलकट बनियनवर काढली होती, पण डगला चढला तसे ते एकदम ताठ झाले. शनिवारी रात्री त्याला ते स्वतः इस्त्री करत. घरातल्या दुसऱ्या कुठल्याही कापडाला त्यांनी कधी इस्त्री लावलेली मी पाहिली नाही.

रविवारी ते लोखंडी जिन्याने इंजिनाच्या वरच्या सज्जात चढत आणि तिथून गोष्ट सांगत. गोष्ट एकच. एका संध्याकाळी इंजिन बेफाम सुटलं. वेग आवरणारा दट्ट्या अडकला होता. चाक असं फिरायला लागलं की आता तुटून छप्पर फोडून जातं. सगळे पळाले. "मी नाही पळालो," बाबा गरजत, "ह्या दोन हातांनी त्याचं इंधन तोडलं." मग हात वर. मग टाळ्या. मग हवेच्या टाकीची तोटी उघडत, इंजिन मोठा फुसकारा सोडून हलायचं, एकेक सिलिंडर पेट घ्यायचं आणि सगळ्या दालनाची फरशी थरथरायला लागायची. बायका कानांवर हात ठेवून हसायच्या. पुरुष एकमेकांना समजावून सांगायचे, त्यांना स्वतःला न समजलेलं.

ही गोष्ट घरी ऐकतच मी लहानाची मोठी झाले होते. आई त्या वेळी नेहमी स्वयंपाकघरात असायची.

इंजिनाचा कसलासा वाढदिवस आला. संचालक पेढीवरच्या माणसासारखा हसत घरी आला आणि आईसमोर बसला.

"आजी, या वेळी तुम्हीही मंचावर हव्यात. इंजिनामागची स्त्री."

"इंजिनामागे भिंत आहे," आई म्हणाली, "आणि भिंतीमागे उकिरडा. तिथं मी कधी उभी राहिले?"

तो हसला. त्याला वाटलं, विनोद केला. "दोन शब्द बोला. मनापासून."

"मनापासून?" आईने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "बरं. येते."

मी चकितच झाले. बाबा मात्र हरखले. आईला नवी साडी घ्यायचा आग्रह त्यांनी धरला. तिने तो धुडकावला आणि रोजच्यातलीच धुतलेली नेसून आली.

दालन भरलं होतं. पुढच्या रांगेत एक बडे अधिकारी होते. त्यांनी फीत कापली आणि 'हे पेट्रोलवर चालतं का' असं विचारून वारशाविषयीची आपली आस्था दाखवून दिली. बाबांनी गोष्ट सांगितली, हात वर केले. मग संचालकाने आईच्या हातात ध्वनिक्षेपक दिला. तिने तो कलथ्यासारखा धरला.

"गोष्ट चांगली आहे," आई म्हणाली. "फक्त त्या संध्याकाळी हे इथं नव्हतेच. घरी होते. ड्यूटी सोडून जेवायला आले होते, आणि जेवून आडवे होणार होते. मी वाढत होते. तेवढ्यात डोक्यावरचा दिवा पांढराफटक झाला आणि फाटकन फुटला. काचा भातात. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. अनवाणी पळाले ते वीजघराकडे. तोवर सगळं आटोपलं होतं. इंजिन बंद केलं ते तेल घालणाऱ्या पोरसवद्या माणसाने. त्यात त्याचा उजवा हात गेला. मग चौकशीत ह्यांनी सांगितलं की मी जागेवर होतो, मीच बंद केलं आणि तो मधे कडमडला. हे कायम झाले, तो घरी गेला. आणि मी गप्प बसले, कारण चूल ह्यांच्या पगारावर होती."

 मागे कुणीतरी खुदकन हसलं. पाठोपाठ सगळं दालन हसायला लागलं. 'काचा भातात' हे एकजण पुन्हा म्हणाला आणि पुन्हा हशा पिकला. त्यांना वाटलं, म्हातारी नवऱ्याची फिरकी घेतेय. बडे अधिकारी डोळे पुसत होते. आणि वर सज्जात बाबा, ज्यांना यातलं अवाक्षर ऐकू आलं नव्हतं, ते तोंड भरून हसत होते आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होते.

कार्यक्रम संपल्यावर संचालक धावत आला. "आजी, काय टायमिंग आहे तुमचं! दर महिन्याला याल का? दोघांची जोडी लावू."

"मी काय डोंबारीण आहे?" आई म्हणाली. "अरे, मी खरं बोलले."

"तेच तर," तो म्हणाला. "लोकांना खरंच वाटतं."

अशा माणसाचं काय करायचं ते मला आजही ठाऊक नाही.

वाटेत बाबांनी विचारलं, "अगं, काय बोललीस? लोक फार खूश होते." आईने त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं, भर रस्त्यात, एकेक शब्द.  घरी आल्यावर बाबा म्हणाले, "माझी अब्रू घालवलीस." आई म्हणाली, "घालवायला आधी असावी लागते."

पुढच्या महिन्यात ते तरीही गेले. मला बरोबर जावं लागलं, कारण आईने साफ नकार दिला होता. बाबा सज्जात चढले. गोष्ट सुरू झाली. पण म्हातारीचा किस्सा सगळीकडे पसरला होता, आणि 'मी नाही पळालो' म्हणताच खाली लोक हसले. बाबांना हसू ऐकू येत नव्हतं. दात दिसत होते. एकाने तर भात कालवून काचा वेचल्याची नक्कल केली. बाबांचे हात अर्धे वर गेले होते, ते तिथेच राहिले. मग त्यांनी डगला काढला, कठड्यावर टाकला आणि बनियनवर खाली उतरले. सहायकाने घाईघाईने हवेची तोटी उघडली, इंजिन सुरू झालं आणि लोकांनी नेहमीप्रमाणे टाळ्या वाजवल्या.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "डावऱ्याचं दुकान कुठं आहे?"

डावऱ्या म्हणजे तोच तेलवाला. उजवा हात गेल्यानंतर त्याला हे नाव पडलं होतं. बाजारात दोन दुकानांमधल्या बोळाएवढ्या जागेत तो किल्ल्या बनवायचा. पोटाशी लावलेल्या लोखंडी पकडीत किल्ली धरून डाव्या हाताने कानस चालवायचा. आम्ही उभे राहिलो तरी त्याने मान वर केली नाही.

"माझं चुकलं," बाबा गरजले. अख्खा बाजार वळला. "मला माफ कर."

डावऱ्याने कानस थांबवली आणि माझ्याकडे बघितलं. "पोरी, तुझ्या बापाला सांग, माफी कुठल्या कुलपाला लागते? मला ती बनवता येत नाही."

"काय म्हणतो?" बाबांनी विचारलं.

मला ते त्यांच्या कानात ओरडून सांगावं लागलं. फळवाला, चपला शिवणारा, पिशव्या घेऊन निघालेल्या बायका, सगळे थांबून ऐकत होते. लाजेने माझे कान तापले.

"त्याला विचार," डावऱ्या म्हणाला, "इतकी वर्षं ह्याच रस्त्याने भाजी नेत होता. तेव्हा दुकान दिसलं नाही? आज लोक हसले म्हणून दिसलं?"

मी तेही ओरडले. मध्ये एखादा शब्द गिळावा असं वाटलं होतं, पण डावऱ्या माझ्या तोंडाकडेच बघत होता.

 "हो," बाबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. "म्हणूनच."

डावऱ्याने किल्लीवरचा भुगा फुंकला. "त्याला सांग, जे झालं ते मला माहीतच आहे. मला सांगून काय उपयोग? ज्यांना माहीत नाही त्यांना सांग म्हणावं. आणि उजेड सोडून उभा राहा म्हणावं."

दुसऱ्या दिवशी बाबा संचालकाकडे गेले. मीही होते ना, त्यांचे कान म्हणून. त्यांनी सगळं सांगितलं. संचालकाने सहानुभूतीने मान हलवली आणि भिंतीवर लावलेली नवी पाटी दाखवली. त्यावर बाबांचं मोठं चित्र होतं, दोन्ही हात वर. "आजोबा, पाटी तयार झालीय," तो म्हणाला. "आणि लोकांना एकच नायक लक्षात राहतो. तुम्ही दमला असाल तर आराम करा. आम्ही एक नट बघितलाय."

नट खरोखर आला. तरणाबांड, घोगऱ्या आवाजाचा, गालाला तेलाचे दोन सुबक डाग लावलेला. मूळ भोंग्यापेक्षा बरा भोंगा.

बाबा तिकीट काढून पहिल्या रांगेत बसले. नटाने 'ह्या दोन हातांनी' म्हणत हात वर केले तसे ते उठले आणि म्हणाले, "खोटं आहे. मी घरी जेवत होतो. इंजिन डावऱ्याने बंद केलं." त्यांचा आवाज छपरापर्यंत गेला. इंजिनाशी स्पर्धा करून कमावलेला आवाज, त्याला ध्वनिक्षेपक काय पुरणार? रखवालदाराने त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. पुढच्या महिन्यात ते पुन्हा गेले. त्याच्या पुढच्या महिन्यात तिकीट नाकारलं, तर खिडकीखाली उभे राहून बोलले, आणि आत प्रत्येक शब्द पोचला. लोक आता हसेनात. काहीजण पाटीकडे बघून कुजबुजायला लागले. एका बाईने संचालकाला विचारलं की डावऱ्या कोण.

शेवटी गोष्टच बंद झाली. पाटी उतरवली, तिच्या जागी खरी पाटी लावण्याची अक्कल मात्र कुणाला सुचली नाही. आता पहिल्या रविवारी इंजिन नुसतं चालवतात, नुसतं थांबवतात.

मी हे डावऱ्याला सांगायला गेले. तो एका तिजोरीच्या किल्लीत गुंतला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, "बरं," म्हणाला आणि कानस पुन्हा उचलली.

घरी बाबा दारातच उभे होते. "काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"बरं म्हणाला," मी ओरडून सांगितलं.

त्यांनी ते दोनदा वदवून घेतलं. आत आई भांडी घासत होती. ती म्हणाली, "मग काय, हार घालायला हवा होता?" पण हे तिने हळू म्हटलं.