आफ्रिमच्या मोटारीची ओळ

"एवढे खिळे कशाला?" मी विचारलं.

बाबांच्या ओठांत तीन खिळे धरलेले होते, त्यामुळे उत्तर यायला वेळ लागला. शाळेच्या फाटकाशेजारच्या आपल्या खोलीत ते स्टुलावर उभे राहून भिंतीवर एक लांब फळी ठोकत होते. बावीस वर्षं ते या खोलीत बसत. फाटक उघडायचं, घंटा वाजवायची, फुटलेल्या काचा बदलायच्या. त्या वसंतात काचा बदलणं त्यांनी सोडून दिलं होतं. खिडक्यांना पुठ्ठे लावले होते.

"तुमच्या वर्गात मुलगे किती?"

"सतरा."

"मग सतरा खिळे."

"मे महिन्यात कोट कोण घालून येणार, बाबा?"

"कोट नाही. बंदुका."

मी हसले. तेही हसले, पण ठोकायचं थांबले नाहीत.

सत्त्याण्णव सालचा मे संपत आला होता. मार्चमध्ये, ठेवी बुडाल्याच्या रागात, आमच्या भागातल्या लष्करी छावण्या लोकांनी फोडल्या होत्या आणि पिठाच्या पोत्यांसारख्या बंदुका घरोघर नेल्या होत्या. लग्न असो, मुलगा होवो, कुणी इटलीला सुखरूप पोचल्याचा फोन येवो, लोक आभाळात गोळ्या झाडत. वर गेलेली गोळी खाली येते हे कुणाच्या ध्यानात राहत नसे. आमच्या शेजारची म्हातारी अंगणात शेंगा सोलत बसली होती. तिच्या मांडीत वरून गोळी शिरली आणि ती "माशी चावली गं" म्हणाली. पाव आणायला जाताना आम्ही भिंतीच्या कडेने जायचो. चौकात दोन दिवस एक प्रेत पडून होतं, कारण त्याला उचलायला येणाऱ्यालाही मारू असं कुणीतरी म्हटलं होतं. दोन महिने शाळा बंद होती. आता ती जेमतेम उघडली होती, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या बारावीचा निरोप समारंभ होता.

हेडमास्तर तो रद्दच करणार होते. ते बाबांच्या खोलीत आले तेव्हा मी तिथेच होते.

"झेनेल, पोरं हत्यारं घेऊन येतील. मी फाटकावर पाटी लावतो, बंदूक आणण्यास मनाई."

"तशी पाटी लावलीत तर एकेक जण दोन आणील, सर."

"मग काय करू? पोलीस तरी कुठे आहेत?"

"पाहुणे म्हणून बोलवा. पाहुणा दारात आला की हत्यार यजमानाच्या हाती देतो आणि यजमान ते भिंतीवर टांगतो. या पोरांचे आजे तसंच करत आले. माझ्या हातात बंदूक दिली नाही तर नाक त्यांचंच कापलं जाईल."

हेडमास्तरांनी फळीकडे पाहिलं. "निदान गोळ्या तरी काढून ठेव."

"छे, छे." बाबा खरोखरच दुखावले. "पाहुण्याचं हत्यार उघडायचं नसतं, सर. ते जसं दिलं तसं टांगायचं."

संध्याकाळी घरी जाताना ते मला म्हणाले, "मिमोझा, ते तुझं भविष्य उद्या वाचणार ना?"

"हो. हेडमास्तरांच्या कपाटात आहे. पेलुंब वाचणार आहे."

"त्याआधी एकदा नजर घाल त्याच्यावर. फेब्रुवारीत लिहिलंयस. मध्ये बरंच काही झालंय."

"घालते," मी म्हटलं.

आमच्या शाळेत दरवर्षी बारावीचा वर्ग निघताना एक भविष्य वाचलं जाई. वीस वर्षांनी कोण कुठे असेल, एकेकाच्या नावावर एकेक ओळ. कुणी लिहिलं ते सांगायचं नाही आणि कुणी रागवायचं नाही, एवढेच दोन नियम. त्या वर्षी ते काम माझ्याकडे आलं होतं. फेब्रुवारीत स्वयंपाकघरात चुलीशेजारी बसून मी ते बाबांना वाचून दाखवलं होतं. ते डोळे पुसेपर्यंत हसले. स्वतःवरची ओळ त्यांनी दोनदा वाचायला लावली: 'झेनेलकाका दोन हजार सतरामध्येही घंटा वाजवतील, पण ती त्यांना ऐकू येणार नाही, म्हणून तास कधीच संपणार नाही.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागदांवर नजर घातली नाही. माझ्या निळ्या झग्याची शिवण उसवली होती आणि मी ती घालत बसले.

मुलगे दहाच्या सुमाराला आले. बाबा फाटकात उभे होते. अंगात काळा कोट, लग्नातला, काखेत घट्ट झालेला. प्रत्येकाला ते म्हणत, "या, बरं झालं आलात," आणि दोन्ही हात पुढे करत. पहिला मुलगा बावचळला. मग त्याने खांद्यावरची कलाश्निकोव काढून त्यांच्या हातांवर ठेवली. बाबांनी ती मान किंचित लववून घेतली, आत नेली, टांगली. त्यानंतरच्यांना काही सांगावंच लागलं नाही.

"झेनेलकाका, माझी जरा सावलीत टांगा, तिला ऊन बाधतं," पेलुंब म्हणाला. वर्गातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात बोलका मुलगा.

"तुझी दारामागे टांगतो. तोंड बंद ठेवायला शिकेल."

आफ्रिम शेवटी आला. दाढी वाढलेली. त्याच्या बाहीवर काळी फीत होती. त्याचा थोरला भाऊ एप्रिलमध्ये पुलावर मारला गेला होता. कुणाची तरी मोटार पळवून नेत होता, मोटारवाल्यांनी गाठलं आणि तिथेच संपवलं. आफ्रिमने बाबांकडे थोडा वेळ बघितलं आणि बंदूक दिली. बाबांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाले, "तुमच्या घरावर पुन्हा अशी वेळ न येवो." आमच्याकडे दुःखाच्या घरच्यांना हेच म्हणतात.

व्यायामशाळेत टेबलं मांडली होती. चीज भरलेले बुरेक होते, सरबत होतं, आणि सरबताच्या बाटल्यांत राकी, म्हणजे घरची दारू होती हे मास्तरांनाही ठाऊक होतं. पेलुंब खुर्चीवर चढला आणि वाचू लागला.

"दोन हजार सतरा! आरियानाने आजवर तीन दंतवैद्यांशी लग्न केलं, तरी तिचे दात पडलेच!"

"मेल्या, तुझेच पडोत!" आरियाना ओरडली.

"पेलुंब, म्हणजे अस्मादिक, टीव्हीवर हवामान सांगतात. ते रोज चुकतं. लोक त्याच्या उलट वागतात, म्हणून गावात कुणाला सर्दी होत नाही! गणिताच्या सरांची तिरानाहून ताशी साठच्या वेगाने निघालेली आगगाडी अजून दुरेसला पोचलेली नाही!"

गणिताचे सर सगळ्यांहून मोठ्याने हसले. दोन महिन्यांत मी इतक्या माणसांना एकदम हसताना ऐकलं नव्हतं. मीही हसत होते, आणि हसता हसता मला पुढची ओळ आठवली.

हात वर करायला वेळ होता. 'थांब' म्हणायला वेळ होता. मला वाटलं, पेलुंबच्या ते आधी लक्षात येईल आणि तो ती गाळील. पण हशा चढला होता आणि तो त्या लाटेवर वाचत होता.

"आफ्रिम इटलीहून चकाचक जर्मन मोटार घेऊन येईल. चावी मागू नका, ती मालकाकडेच..."

शेवटचा शब्द त्याने गिळला. पण सगळ्यांना कळलं.

आफ्रिम उठला. आवाज न चढवता त्याने विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

पेलुंबला माझं अक्षर ठाऊक होतं. सहा वर्षं तो माझ्या वहीतून गणितं उतरवत होता. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कुणी लिहिलं ते विचारतोय मी."

"आफ्रिम, हे फेब्रुवारीतलं आहे रे, तेव्हा..." पेलुंब खुर्चीवरून खाली वाकून म्हणाला.

आफ्रिमने टेबलावरची बाटली उचलून त्याच्या तोंडावर मारली. बाटली फुटली नाही. आवाज झाला तो जबड्याचा होता. पेलुंब खुर्चीसकट खाली आला, आणि आफ्रिम त्याच्या छातीवर बसून त्याला मारत राहिला, एकेका ठोशाला "बोल," "बोल" म्हणत. कागद रक्ताने एकमेकांना चिकटले. चौघांनी ओढलं तरी तो सुटेना.

आमच्याकडे बाईमाणसावर बंदूक उचलत नाहीत. त्या वसंतात सगळं मोडलं होतं, तेवढं एक अजून मोडलं नव्हतं. 'मी लिहिलं' एवढं मी म्हटलं असतं तर आफ्रिम थुंकला असता, शिव्या दिल्या असत्या आणि निघून गेला असता. हे मला तेव्हाही कळत होतं. माझ्या तोंडातून शब्द आला नाही. मी भिंतीला पाठ लावून उभी होते.

"थांब तू," आफ्रिम पेलुंबला म्हणाला आणि धावत बाहेर गेला. तो कुठे गेला हे सगळ्यांना कळलं, आणि सगळे दाराकडे धावण्याऐवजी मागच्या खिडक्यांकडे धावले. मी पटांगणात आले.

बाबा खोलीच्या दारात उभे होते.

"माझी बंदूक द्या, काका."

"अरे, आत्ता तर आलास. जेवण व्हायचंय अजून."

"बाजूला व्हा. त्यांनी माझ्या मेलेल्या भावाची थट्टा केली."

"वाईट केलं. फार वाईट केलं. मी माफी मागतो. या घराचा यजमान मी आहे, बोल मला लावायचा."

"कुणी लिहिलं ते सांगा. तुम्हाला शाळेतलं सगळं ठाऊक असतं."

बाबांची नजर त्याच्या खांद्यावरून माझ्यावर आली. मी दहा पावलांवर होते. ती नजर तिथे थांबली नाही. झाडावर, पटांगणावर फिरावी तशी फिरून परत आफ्रिमवर गेली.

"मला कुठे लिहिता-वाचता येतं, बाळा," ते म्हणाले.

ते रोज वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचत.

आफ्रिमने त्यांना छातीवर ढकललं. ते आत पडले, पण पडता पडता त्यांनी त्याचा पाय धरला. आफ्रिमने त्यांच्या तोंडावर लाथ मारली, भिंतीवरची हाताला आली ती बंदूक ओढली. बाबा उठले आणि त्यांनी तिची नळी दोन्ही हातांनी धरली. नळी त्यांनी बाहेर जाऊ दिली नाही, पटांगणाकडे वळू दिली नाही, स्वतःकडेच ओढून ठेवली. पाच-सहा गोळ्या सुटल्या. ती आफ्रिमची बंदूक नव्हती. पेलुंबची होती.

आफ्रिम त्यांच्याजवळ बसला आणि "काका, काका, उठा ना," म्हणू लागला. मग तो पळाला. त्याच दुपारी त्याला होडीत बसताना कुणीतरी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दफन होतं. बायका आतल्या खोलीत, पुरुष अंगणात, मधलं दार उघडं. बिनसाखरेची कॉफी फिरत होती. माझा वर्ग अंगणात भिंतीशी उभा होता, फक्त पेलुंब नव्हता. सकाळी त्याची आई आली होती, तिला माझ्या चुलत्यांनी फाटकातूनच परत पाठवलं होतं.

चुलत्यांचा आवाज मला आत ऐकू येत होता.

"आफ्रिम समुद्रापार गेला. ठीक आहे. पण आग लावली ती जिभेनं. लिहिलं त्या लंबूनं, वाचलं त्या लंबूनं, आणि बंदूकही त्याचीच."

"रेशत, पोराचा जबडा मोडलाय. तो अंथरुणात आहे," कुणीतरी म्हणालं.

"अंथरुणातून उठेल की. मला घाई नाही."

ते खरं होतं. माझ्या चुलत्यांना कधीच कसली घाई नसे.

आत नात्यातल्या हातिजे आजीने सुरुवात केली होती. आमच्याकडे मेलेल्याला बायका हाक मारून, मोठ्याने बोलून निरोप देतात. तो कसा होता, त्याने काय केलं, त्याच्यामागे कोण उरलं. आजी बाबांच्या उशाशी बसून, पुढेमागे झुलत, त्यांच्या बावीस वर्षांच्या घंटेबद्दल, घट्ट झालेल्या कोटाबद्दल बोलली. मग आई बोलली, पण तिला चार शब्दांपुढे जाता आलं नाही. बाबांच्या तोंडावर लाथेचा वळ काळा पडला होता. आजीने माझ्या पाठीत कोपर मारलं.

"बोल गं. लेकीनं बोलायचं असतं. असं गप्प राहून बापाला जाऊ द्यायचं नसतं."

"मला जमत नाही, आजी."

"जमायचं काय त्यात? त्याला माहीत नाही ते सांग. नाहीतर माहीत आहे ते सांग."

बाहेर पुरुष तिरडी उचलायला उठले. चुलते दारात येऊन उभे राहिले. मी उठले. बसून बोलायची रीत आहे, पण बसून माझा आवाज अंगणात पोचला नसता.

"बाबा," मी म्हटलं. आवाज फाटला. मी पुन्हा, अधिक मोठ्याने म्हटलं, भिंतीशी उभ्या असलेल्या शेवटच्या मुलाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "बाबा, आफ्रिमच्या मोटारीची ओळ मी लिहिली. पेलुंबने नाही, मी. त्याने विचारलं तेव्हा मी तिथेच उभी होते, बाबा, आणि मी बोलले नाही."