सहा दिवसांचं बेट

लिफ्ट दुरुस्त करायला बाई आली की लोक आधी तिच्या पाठीमागे बघतात, खरा मिस्त्री कुठे राहिला म्हणून. आमच्या लिफ्टवालीनं या बघण्याला भीक घातली नाही आणि नऊ वर्षांत दोनशेच्या वर विमानप्रवास केले. कंपनी पाठवील तिथे जायचं, लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं, कोपरापर्यंत ग्रीस माखून घ्यायचं आणि परतायचं. शहरं पुष्कळ झाली, पण तिनं पाहिली ती सगळी तळघरातून. त्याच्या बदल्यात विमान कंपनीनं तिच्या खात्यात मैल जमा केले. जितकं उडाल तितके मैल, आणि मैल पुरेसे साठले की तिकीट फुकट.

आता दोघांनी एका बेटावर जाऊन यावं एवढे मैल साठले होते. बेटाचं दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी पुढच्या वर्षावर जायचं. यंदा ढकलायची सोय नव्हती. जुने मैल महिनाअखेरीला बाद होणार होते आणि महिना संपायला चार दिवस उरले होते.

"मंगळवारी जायचं, रविवारी परत. सहा दिवस," तिनं लॅपटॉप नवऱ्याकडे वळवला.

नवरा बेकरीवाला. घराला लागूनच बेकरी, आणि बेकरीत बापानं बांधलेली विटांची भट्टी. "सहा दिवस भट्टी कोण बघणार?" तो म्हणाला. "विझली की विटा आकसतात, भेगा पडतात. बाबा सांगून गेलेत."

"बाबांना जाऊन बारा वर्षं झाली."

"म्हणून काय भेगा पडायच्या थांबल्या? तू ताईला घेऊन जा."

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, बेकरीच्या गल्ल्यावर बसणारी. आता खरी गंमत बघा. फुकटच्या तिकिटावर कुणालाही नेता येत नाही. आधी खात्यात नाव नोंदवावं लागतं, आणि नवीन नाव चढायला आठ दिवस लागतात. लिफ्टवालीनं खातं उघडलं तेव्हा मोठ्या हौसेनं एकच नाव घातलं होतं, नवऱ्याचं. तिनं हे सांगितलं तशी त्यानं मान डोलावली आणि तो पाव काढायला निघून गेला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं सांगायचं तर तिला बेटाचं एवढं पडलं नव्हतं. चौदा वर्षांच्या संसारात भट्टी मोठी की आपण, एवढं एकदा तिला कळायला हवं होतं. तिनं दोन तिकिटं काढून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला जाताना विमानतळावरून निरोप धाडला: "तिकिटं काढली आहेत. मंगळवार. येणार असशील तर ये, नाहीतर मी एकटी जाईन."

तीन दिवस उत्तर नाही. ताईला फोन केला तर ताई म्हणाली, "तू तुझं काम कर बाई, इथलं आम्ही बघतो," आणि फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी लिफ्टवालीनं मनाशी पक्कं केलं, एकटीच जायचं. ठरवलं खरं, पण लिफ्टचे दोर तपासताना एकच नट तिनं तीनदा आवळला.

सोमवारी सकाळी ती घरी आली तेव्हा बेकरीचं शटर अर्धं खाली होतं. गल्लीत पावाचा वास नव्हता. भट्टीला लागून असलेली भिंत बाराही महिने कोमट असायची. तिनं सवयीनं हात टेकला तर भिंत गार. भट्टी विझली म्हणजे माणूसच राहिला नसणार, दुसरं काय? हातातली हत्यारांची पेटी तिथेच टाकून ती शटरखालून आत वाकली.

भट्टीच्या तोंडातून दोन पाय बाहेर आलेले होते.

"अगं बाई!" ती किंचाळली.

पाय हलले. आतून आवाज आला, "आलीस? तो टॉर्च जरा वर धर."

ती पिठाच्या पोत्यावर बसली आणि रडू लागली. कोपऱ्यात ताई निवांत चहा पीत होती. "तू गेलीस त्याच दिवशी यानं विझवली," ताई म्हणाली. "मला तोंड उघडू दिलं नाही."

बेकरीवाला काजळीनं काळाठिक्कर होऊन बाहेर आला. "भेग पडते का बघत होतो. पडली असती तर यायला जमलं नसतं, मग आधी हो कुठल्या तोंडानं म्हणू?"

"मग? पडली?"

"नवी एकही नाही. जुन्या मात्र आहेत, मातीनं लिंपलेल्या. बाबांच्या हातच्या."

"असणारच," ताई म्हणाली. "तू जन्मलास तेव्हा भट्टी दहा दिवस विझलेली होती. आई आजारी होती, बाबा तिच्या उशाशी बसून होते. नंतर भेगा लिंपल्या, झालं."

बेकरीवाला बहिणीकडे वळला. "इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"विचारलंस कधी? मला वाटलं, तुलाच कुठे जायचं नाही. भट्टी आपली सबब सांगायला बरी."

तो खाली मान घालून बोटाची काजळी पुसत बसला. लिफ्टवालीच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. भांडायचे चार मुद्दे तिनं विमानात तयार केले होते, त्यातला एकही तिला आता आठवेना.

"बेटावर काय करतात?" त्यानं विचारलं.

"काही नाही. बसतात."

"नुसतं?"

"नुसतं."

मग तो ताईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं तिच्याजवळ सरकला. एवढा थोराड माणूस, पण विमानात कधी बसलेला नव्हता, आवाज अगदी बारीक झाला होता.

"विमानात माझी जागा तुझ्या शेजारीच आहे ना?"

दोनशे वेळा ती उडाली होती, आणि शेजारच्या खुर्चीत कोण बसलंय हे तिनं एकदाही मान वळवून पाहिलं नव्हतं.

"शेजारीच आहे," ती म्हणाली, आणि त्याचा काळा हात तिनं आपल्या हातात घेतला.