सासूबाईंसकट मोजलेला कोन

आमच्या ह्यांनी जीप चार इंच उंच करून घेतली आणि घरातल्या शांततेला सुरुंग लावला. दगडधोंड्यांतून जाता यावं म्हणून हा सगळा खटाटोप, पण साध्या रस्त्यावर जरा वेग घेतला की ती अशी थरथरायची, की आरशात मागची एकच गाडी दोन दिसायची. सासूबाई एकदाच बसल्या आणि उतरताच निकाल देऊन मोकळ्या झाल्या: थरथर गेली नाही तर जीप विकायची. जीप त्यांच्याच नावावर, त्यामुळे पुढे बोलणंच खुंटलं. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. माझ्या बाळंतपणातही हे इतके कासावीस झाले नव्हते.

गॅरेजच्या मिस्त्रींनी गाडीखाली घुसून दुखणं शोधलं. गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत एक शाफ्ट फिरतो, त्याच्या दोन्ही टोकांचे कोन जुळावे लागतात. गाडी वर गेली, अ‍ॅक्सल होता तिथेच राहिला, आणि दोन्ही टोकांचं बिनसलं. स्प्रिंग आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये लोखंडी पाचर घालून अ‍ॅक्सल जरा तिरका करायचा, हा त्यावरचा इलाज.

पण मिस्त्रींचा एक हेका होता. गाडी जशी वापरता तशीच भरून आणा, त्याशिवाय ते कोन मोजत नसत. आता जीप वाचायची ती आईच्या मर्जीवर, म्हणून ह्यांनी मागच्या बाकावर सासूबाईंना बसवलं. त्यांच्यासोबत घडीची खुर्ची, पाण्याचा कॅन, उशा, औषधांची पेटी असा सगळा संसार चढला. त्या वरून सूचना देत होत्या आणि मिस्त्री खालून "हो आई, हो आई" करत पाचरी बसवत होते. संध्याकाळी जीप इतकी मऊ पळाली, की सासूबाईंना डुलकी लागली. विक्री टळली.

पुढच्या रविवारी हे मित्राला आणायला एकटेच निघाले आणि लगेच परत आले. थरथर हजर. त्यांचा चेहरा पाहून मला हसू आवरेना. मिस्त्रींना घरी बोलावलं. त्यांनी रिकाम्या बाकाकडे पाहून विचारलं, "आई कुठेत? मी आईंसकट कोन जुळवलाय. त्या उतरल्या की मागची बाजू उचलते आणि कोन बिघडतो."

पाचर बदलली तर गाडी रिकामी नीट पळेल, पण आई बसल्या की थरथरेल, असंही त्यांनी सांगून टाकलं.

"बदला मग," हे म्हणाले. "आई काय रोज थोडीच येते."

सासूबाई दारातच उभ्या होत्या. माझं हसू जागच्या जागी विरलं.

"राहू दे ती पाचर," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझ्यावाचून या घरात काही अडतंय, हे किती वर्षांनी ऐकलं मी."

ह्यांनी मान खाली घातली. मग मित्राला फोन लावला आणि सांगितलं, की तू पुढे बस, मागे आई आहे.