इर्मा लोरेन्त्सची हिरवी वही

मित्रांनो, नाकाला रुमाल लावा आणि मगच माझ्याजवळ या. मला बुरशीचा वास येतो. सत्तर वर्षांची एक चिकटवही आहे मी. माझे हिरवे कापडी पुठ्ठे फुगले आहेत आणि पाने एकमेकांना घट्ट धरून बसली आहेत. जन्मले तेव्हा मी अशी नव्हते. तेव्हा मला हातात घ्यायला लोक हात धुऊन येत.

शिकागो शहराच्या उत्तर भागात योहान नावाचे एक पुस्तक बांधणारे कारागीर राहत होते. ते तरुणपणी जर्मनीहून आले होते. त्या भागात तेव्हा जर्मन बेकऱ्या होत्या, जर्मन नाटके होत होती, आणि दर रविवारी कुठल्या ना कुठल्या सभागृहातून समूहगान ऐकू येत होते. पण दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत शेजाऱ्यांच्या नजरा बदलल्या. योहान स्वतः ज्या गायन मंडळात होते, त्याचे सगळे कागद, फोटो, पत्रिका त्यांनी भीतीपोटी एका सकाळी शेगडीत घातले. त्यांची चार वर्षांची मुलगी इर्मगार्ड ते पाहत उभी होती. तिला सगळे इर्मा म्हणत.

हीच इर्मा सतरा वर्षांची झाली आणि जर्मन महिलांच्या गायनवृंदात निवडली गेली. त्या आठवड्यात योहानांनी मला बनवले. जाड पानांच्या घड्या घालून त्या मेण लावलेल्या दोऱ्याने शिवल्या, पाठीला सरस लावला, वरून हिरवे कापड चढवले आणि दोन दिवस दाबाखाली ठेवले. मला इर्माच्या हातात देताना ते एवढेच म्हणाले, "कागद फेकू नकोस. मी जाळले ते चुकलं माझं."

मित्रांनो, त्यानंतरची वर्षे माझ्या सुखाची होती. इर्माने माझ्यात पहिल्या मैफलीची पत्रिका लावली. हिवाळा संपताना मुखवटे घालून नाच व्हायचा, त्याचे रंगीत फितीचे बिल्ले लावले. हौशी नाटकात तिने मोलकरणीचे काम केले होते. त्यात ती एक वाक्य विसरली आणि प्रेक्षक इतके हसले, की पुढच्या प्रयोगात ते विसरणे मुद्दाम ठेवले गेले. त्या संहितेचे पान माझ्यात आहे, कडेला पेन्सिलीने लिहिले आहे, 'इथे थांब'. पोशाखाच्या लेसचा तुकडा, सहलीतला कागदी रुमाल, मंडळाच्या स्वयंपाकघरात लिहून घेतलेली आलुबुखाऱ्याच्या केकची कृती, सगळे माझ्या पोटात आले. प्रत्येक वस्तूखाली ती निळ्या शाईने नाव आणि तारीख लिहायची. पाहुणे आले की मला बाहेर काढले जाई. "ही बघ तुझी आई, केवढी बारीक होती!" असे आपल्या मुलांना म्हणत बायका माझ्यावर वाकायच्या.

मग इर्माचे वॉल्टर लोरेन्त्स यांच्याशी लग्न झाले. मुलगा झाला, डेनिस. तिघे शिकागोजवळच्या शॉमबर्ग उपनगरात नव्या घरी राहायला आले. डेनिस सात वर्षांचा असताना एक दिवस शाळेतून रडत आला. मुलांनी त्याला हिटलरचा पोरगा म्हणून चिडवले होते, कारण बसथांब्यावर त्याने आईला जर्मन भाषेत हाक मारली होती. वॉल्टरने जेवणाच्या टेबलावर सांगून टाकले, "बस झालं. या घरात आता फक्त इंग्रजी." इर्माने विरोध केला नाही. तिला बापाची शेगडी आठवली असेल. ती दर गुरुवारी गायला जात राहिली, माझी पाने भरत राहिली, पण डेनिसला तिने पुन्हा कधी जर्मन शब्द शिकवला नाही. त्याने मला कधी उघडले नाही. त्याच्या दृष्टीने माझ्यात वाचण्याजोगे काही नव्हते.

वर्षे गेली. वॉल्टर गेले. डेनिस ॲरिझोनाला स्थायिक झाला. गायनवृंदात साठ बायका होत्या, त्यांच्या सहा उरल्या, आणि सभागृह विकले गेले.

शेजारच्या घरात पुण्याहून आलेले एक कुटुंब राहत होते. शैलजा, तिचा नवरा प्रल्हाद आणि त्यांची मुलगी केया. शैलजा नोकरी सांभाळून मराठी मंडळाचे सांस्कृतिक कार्यक्रम बघायची. एकदा तिने इर्माला मंडळाच्या गणेशोत्सवाला नेले. परत आल्यावर इर्मा हसत होती. मला मांडीवर घेऊन तिने शैलजाला सांगितले, "आमचंही अगदी असंच असायचं. तीच माईकवरून भांडणं, तीच थंड कॉफी, आणि तीच मागच्या रांगेत कंटाळलेली मुलं."

केयाने मान वर केली. "आय वॉजन्ट बोअर्ड, इर्मा आजी. जस्ट हंग्री."

"आजीशी मराठीत तरी बोल," शैलजा म्हणाली आणि मग स्वतःच ओशाळून हसली, कारण इर्मा आजीला मराठी कुठे येत होती!

दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात इर्मा घरात पडली. पाय मोडला. डेनिसने तिला वृद्धाश्रमात ठेवायचे ठरवले आणि घरातल्या वस्तू विकायला एका कंपनीची माणसे बोलावली. ती यायच्या आदल्या दिवशी इर्माने शैलजाला बोलावून मला तिच्या हातात दिले. सोबत एक चिठ्ठी होती. गावाच्या जुन्या इतिहासाचे कागद जपणाऱ्या एका संस्थेचा फोन नंबर तिच्यावर होता.

"त्यांना सांगितलंय मी. तू फक्त नेऊन दे. डेनिसला यातलं काही कळत नाही, त्याचा दोष नाही. तुला कळेल, शैला. तू हेच करतेस."

"अहो, नक्की देते. पुढच्याच वीकेंडला," शैलजा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मित्रांनो, मी खोटे सांगणार नाही. त्या क्षणी ती मनापासून बोलत होती.

पुढच्या वीकेंडला मंडळाच्या नाटकाची तालीम निघाली. तिने संस्थेची वेळ कॅन्सल केली. त्यानंतरची वेळ केयाच्या स्विम मीटमुळे हुकली. मग ते सगळे महिनाभर पुण्याला गेले. मी एका खोक्यात, जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर होते.

"शैलजा, हा बॉक्स किती दिवस इथे? गॅरेजमध्ये ठेवू का?" प्रल्हादने विचारले.

"ठेव. पण नीट ठेव हां, इर्माचा आहे. मी देणारच आहे तो."

त्याने मला आकाशकंदील आणि दिव्यांच्या माळांच्या डब्यांशेजारी जमिनीवर ठेवले. सणाला डबे निघाले, सण संपल्यावर परत आले. माझ्या खोक्याला कोणी हात लावला नाही. फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत गॅरेजमधला पाइप फुटला. प्रल्हाद धावत आला, त्याने आधी कंदिलांचे डबे उचलले, मग पाणी पुसले, आणि शेवटी माझे खोके उचलून वरच्या फळीवर ठेवले. खोक्याचा तळ भिजून मऊ झाला होता. त्याने उघडून पाहिले नाही. तिथे अंधारात दोन महिने ओल माझ्या एकेका पानात चढत गेली. निळी शाई पसरली. सरस सुटला. एप्रिलपर्यंत माझ्यावर काळे ठिपके उमटले.

इर्मा वृद्धाश्रमातून अधूनमधून फोन करायची. एकदा तिने विचारले (हे मला मागाहून कळले), "माझी वही पोचली का गं?"

शैलजा गाडीत होती, मीटिंगला उशीर झाला होता. तिच्या तोंडून निघून गेले, "हो हो, पोचली! काचेच्या कपाटात ठेवलीय त्यांनी. खूप छान दिसते."

इर्मा म्हणाली, "माझा वाढदिवस मेमध्ये आहे. मला काही नको. व्हीलचेअर गाडीत मावते. मला ती बघायला नेशील?"

त्या शनिवारी शैलजाने खोके खाली काढले. झाकण उघडताच ती मागे सरली. मग तिने मला टॉवेलात गुंडाळले आणि गाडी थेट त्या संस्थेच्या दारात नेली. हातमोजे घातलेल्या एक बाई बाहेर आल्या. त्यांनी टॉवेलाचे टोक उचलून पाहिले आणि परत झाकले.

"सॉरी. ही आत घेता येणार नाही. बुरशी बाकीच्या कागदांना लागेल."

"काहीतरी करता येईल ना? एखादं तरी पान?"

"आम्ही मिसेस लोरेन्त्सच्या वहीची वर्षभर वाट पाहिली," त्या बाई म्हणाल्या. "तेव्हा आणली असती, तर सगळीच घेतली असती."

गाडीत केया होती. ती आईला म्हणाली, "तिला खरं सांग. प्लीज, आई." ती क्वचितच मराठीत बोलायची.

वाढदिवसाच्या दिवशी इर्मा तयार होऊन बसली होती. केस विंचरलेले, जाकिटावर गायनवृंदाची पिन. शैलजाने मला टॉवेलासकट तिच्या मांडीवर ठेवले आणि सगळे सांगितले. तालीम, गॅरेज, पाइप, काचेचे कपाट.

इर्माने टॉवेल उघडला. मला उघडायचा प्रयत्न केला. चार पाने एकदम वर आली आणि कोपरा तिच्या बोटांत तुटून राहिला. ती रडली नाही. ओरडलीही नाही.

"पाइप कोणाचाही फुटतो," ती म्हणाली. "ते जाऊ दे. त्याआधी वर्षभर होती ना तुझ्याकडे. तुला काय आवडलं त्यातलं?"

शैलजा खाली बघत राहिली.

"नाटकाचं पान पाहिलंस? तुला आवडलं असणार. तू नाटक बसवतेस."

शेवटी केया म्हणाली, "आजी, वी नेव्हर ओपन्ड इट. कोणीच नाही. मी पण नाही."

मित्रांनो, तेव्हा मी इर्माचा चेहरा पाहिला. मला पाणी लागले तेव्हाही एवढे झोंबले नव्हते. तिने टॉवेल परत नीट गुंडाळला, चारही टोके आत घातली, आणि म्हणाली, "डेनिसला भाषा येत नव्हती, म्हणून त्याने उघडली नाही. आणि ती मीच शिकवली नाही. तुला मी हे सगळं मांडीवर घेऊन दाखवलं होतं, शैला." मग तिने खिडकीकडे तोंड केले. "आता मला थोडं पडायचंय."

त्यानंतर शैलजा चार वेळा गेली. इर्मा तिच्याशी हवापाण्याचे बोलली, केयाच्या अभ्यासाची चौकशी केली, चहा घेऊन जा म्हणाली. माझा विषय तिने काढला नाही, आणि शैलजाची हिंमत झाली नाही. वास येतो म्हणून तिथल्या नर्सने मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवले होते. ऑक्टोबरमध्ये इर्मा गेली. डेनिस आला, सभ्यपणे सगळ्यांशी बोलला, खोली रिकामी केली. पिशवी पाहून म्हणाला, "फेकून द्या ना." शैलजाने ती मागून घेतली.

आता मी तिच्या जेवणाच्या टेबलावर उघडी पडून असते. माझ्याखाली टिपकागद अंथरलेला असतो, पंखा चालू असतो. रविवारी मायलेकी बसतात. केया हातमोजे घालून बोथट सुरीने एकेक पान सोडवते. काही पाने सुटतात, बरीच फाटतात. जुन्या वळणाची जर्मन अक्षरे फोनवरच्या ॲपला धड वाचता येत नाहीत. ते काहीतरी भलतेच सांगते आणि दोघी हताश होऊन एकमेकींकडे बघतात. दर पानाला शैलजाच्या तोंडी एकच वाक्य येते, "इर्माला विचारायला हवं होतं." ते ऐकून मला कीव येत नाही. मला राग येतो. इर्मा सात मैलांवर होती. तिला सगळे आठवत होते. ती रोज कोणीतरी विचारील म्हणून बसून होती.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे काही असेल. एखादा अल्बम, एखादी पत्र्याची पेटी, मंडळाच्या जुन्या स्मरणिकांचा गठ्ठा. ते तुम्ही फेकणार नाही, मला माहीत आहे. तुम्ही ते चांगल्या खोक्यात घालाल, वर नाव लिहाल, उंच फळीवर ठेवाल आणि आपण ते जपले असे समजाल. एवढ्याने जपणे होत नाही. ते उघडा. ज्यांचे आहे त्यांच्या शेजारी बसून उघडा. हे कोण, ते कुठले, तेव्हा तुम्ही का हसलात, असे विचारा. कंटाळा आला तरी विचारा. सांगणारे माणूस तुमच्या नाटकाच्या तालमीपर्यंत थांबत नाही.

मागच्या रविवारी माझ्यातून एक फोटो अख्खा निघाला. दोन मुली सभागृहाच्या मागच्या जिन्यावर बसल्या आहेत. एक इर्मा. दुसरीने इर्माच्या खांद्यावर डोके टेकले आहे, तिच्या हातात बूट आहेत, नाचून पाय दुखल्यामुळे काढलेले. खालचे नाव धुऊन गेले आहे. केयाने तो फोटो डेनिसला पाठवला. त्याचे उत्तर आले, 'नो आयडिया, सॉरी.' मग केयाने एका पांढऱ्या चिठ्ठीवर 'अनोळखी मुलगी' असे लिहिले आणि ती फोटोखाली चिकटवली.

ती अनोळखी नाही. तिचे नाव आनेलीझ. ती इर्माच्या शेजारी उभी राहून चाळीस वर्षे गायली. त्या घरात ते सांगायला आता कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगून ठेवते.