लुबोवा मास्तरांचा खुनी

लुबोवा मास्तरांच्या कादंबरीवर सिनेमा निघाला, तेव्हा अख्ख्या क्योतेरा गावात त्यांनी स्वतःच दवंडी पिटली. राजधानीत, कंपालात, पहिला खेळ पाहून आले ते मात्र मागच्या गल्लीनं, तोंड लपवत.

पुस्तकातला फौजदार लंगडा आणि सायकलवाला. सिनेमात तो काळा चष्मा लावून मोटरसायकल उडवत होता. असू दे, म्हणाले मास्तर, लंगड्याला बघायला तिकीट कोण काढणार? पुस्तकात एकही लग्न नव्हतं, सिनेमात दोन लागली. तेही त्यांनी गिळलं. पण पुस्तकात एका साहेबाला विष घालतो औषधाच्या दुकानाचा मालक, आणि सिनेमात घातलं खानावळीतल्या स्वयंपाकिणीनं! कारण काय, तर मालकाचं काम करणारा नट निर्मात्याचा मेव्हणा, आणि त्याला निवडणुकीला उभं राहायचं होतं. खुनी म्हणून मतं मागणं त्याला जरा अवघड वाटलं.

ही स्वयंपाकीण मास्तरांनी थेट बसथांब्यावरून उचललेली. नबुकीरा तिथे कातोगो विकायची, कच्च्या केळ्यांचा आणि आतड्यांचा, मस्त रस्सेदार. पुढच्या दोन दातांत फट आणि केळी सोलताना चर्चमधली गाणी बेसूर म्हणायची खोड, सगळं जसंच्या तसं पुस्तकात. तिथे तीच खुन्याला पकडून देते. नबुकीराला वाचता येत नसे, म्हणून मास्तरांनी तिची पानं तिला तीनदा वाचून दाखवली होती, आणि तिन्ही वेळा फुकट जेवले होते. सिनेमावाल्यांनी पुस्तकातलं एवढंच इमानानं घेतलं होतं: फट आणि गाणी.

आता शनिवारी दुपारी तो सिनेमा क्योतेराच्या व्हिडिओ हॉलमध्ये लागणार होता. रविवारपासून तिच्या हातचं कोण खाणार? तिचं घर त्या एका पातेल्यावर चालायचं.

वाचवलं तर एकच माणूस वाचवणार होता: वीजे सेकितो. सिनेमा इंग्रजीत, हॉलला कळायची लुगांडा. पडद्याशेजारी माइक घेऊन बसायचं, बाईपासून कुत्र्यापर्यंत सगळ्यांचं बोलणं लुगांडात बोलायचं आणि वर आपल्या पदरचं तिखटमीठ लावायचं, हा सेकितोचा धंदा.

"सेकितो, बाबा, खुनी बदल," मास्तर म्हणाले.

"अहो मास्तर, बाई सगळ्यांदेखत बाटली ओततेय. लोकांच्या डोळ्यांना पट्ट्या बांधू?"

"पुस्तकात तसं नाहीये. हे वाच."

"दोनशे पानं? चौथीत तुम्ही सात दिली होतीत, ती अजून संपायची आहेत."

"नबुकीरा रस्त्यावर येईल रे!"

रोज सकाळी सेकितोही तिच्याकडेच जेवायचा. "बघतो. पण मध्ये बोलायचं नाही. हॉलमध्ये मास्तर मी."

शनिवारी नबुकीरा नवी गोमेसी नेसून, धंदा बंद ठेवून पहिल्या बाकावर येऊन बसली. तिचा सिनेमा होता ना! पडद्यावरच्या स्वयंपाकिणीनं पाठ फिरवून पातेल्यात बाटली उपडी केली, तशा हॉलमधल्या सगळ्या माना नबुकीराकडे वळल्या. मास्तरांनी डोळेच मिटले.

"बघताय काय?" सेकितो माइकमध्ये गरजला. "साहेबांना झालाय खोकला, बाई घालतेय औषध! बाटलीत विष आधीच भरून दिलं कुणी? औषधाचं दुकान कुणाचं?"

"मालकाचं!" हॉल ओरडला.

शेवटी पोलिसांनी स्वयंपाकिणीला बेड्या घातल्या. ती रडून रडून इंग्रजीत गुन्हा कबूल करत होती, आणि सेकितो बारीक आवाजात बोलत होता, "मी नाही हो! तुम्ही आजवर एक तरी खरा चोर धरलाय का?" लोक बाकांवर उभे राहिले. "आणि खरा खुनी बघा, तो दुकानवाला, हार घालून घेतोय! उद्या मत मागायला येईल!"

नबुकीरा हसता हसता रडत होती. मास्तरांनाही भरून आलं. पुस्तक जिंकलं होतं.

हॉल सुटला तो सगळा तिच्या चुलीपुढे. तासाभरात पातेलं रटरटू लागलं. "पहिलं ताट मास्तरांचं!" ती म्हणाली. ताट वाढलं, पाठ फिरवली आणि फळीवरच्या बाटलीतून त्यावर काहीतरी भुरभुरलं.

मास्तरांचा हात ताटापाशी जाऊन थांबला. क्षणभरच थांबला, पण थांबला. मागे रांग होती, आणि रांगेतल्या प्रत्येकाचा डोळा त्या हातावर होता.

नबुकीरानंही पाहिलं. "मास्तर," ती हळूच म्हणाली, "पुस्तक तुम्हीच लिहिलंत ना?"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मान खाली घातली आणि बकाबका खायला सुरुवात केली. जीभ पोळली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबले नाहीत. मागची रांग एक पाऊल पुढे सरकली.

"आणखी वाढ," ते म्हणाले.

तिनं वाढलं. मग मिठाची बाटली त्यांच्या नाकासमोर धरली आणि चिमूट चिमूट मीठ त्यांना दाखवून दाखवून घातलं.