तिहद्दीचा दगड

नाल्याकाठच्या करवंदीच्या जाळीपाशी मोजणीच्या रोव्हरची काठी उभी करून संघपालनं पडद्याकडं पाहिलं. आणखी दोन मीटर पुढं, असं यंत्र सांगत होतं. म्हणजे जाळीच्या आत. त्यानं मान वळवली. मोजणीला कायम सोबत असणाऱ्या शिपाई हरिदासभाऊंनी काही न विचारता पिशवीतून कोयता काढला.

मार्च सरत आला होता. मोहाला पान नव्हतं, खाली फुलांचा सडा पडला होता, आणि झाडाला पान नसलं की यंत्राला उपग्रह लवकर सापडतात. मागं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गावची माणसं थांबली होती. ज्याच्या अर्जावर ही मोजणी निघाली होती तो धनराज, पोलीस पाटील, दोन पंच. रानडुकरांसाठी तारेचं कुंपण घालायचं म्हणून धनराजला हद्द कायम करून हवी होती. शेजारच्या शेताची मालकीण अंजनाबाई या सगळ्यांपासून जरा लांब, डोईवर पदर घेऊन उकिडवी बसली होती.

हरिदासभाऊंनी जाळी तोडली, पाचोळा पायानं सारला. खाली भुरकट दगड होता. वीतभर वर, बाकीचा जमिनीत. डोक्यावर छिन्नीनं तीन रेघा कोरलेल्या, एका ठिकाणी मिळणाऱ्या. तीन शेतांच्या हद्दी जिथं भेटतात तिथं जुन्या काळी रोवलेला तिहद्दीचा दगड. संघपालनं त्यावर काठी टेकवली. शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशात जिथं असायला हवा, तिथंच तो होता. वीतभराचाही फरक नव्हता.

संघपाल खोब्रागडे तिथंच खाली बसला. तो बावन्न वर्षांचा होता. सत्तावीस वर्षं भूमि अभिलेखात भूकरमापक म्हणून काढली. मूल तालुक्यापासून सिरोंच्यापर्यंतची रानं तुडवली, गुडघे कामातून गेले. पण आत्ता तो गुडघ्यांमुळं बसला नव्हता.

"हरिदासभाऊ," तो हळूच म्हणाला, "हे शेत आपण आधी मोजलं हाये."

"नोटीस वाटाले आलतो तवाच वळखलं म्या," हरिदासभाऊ म्हणाले. "वाटलं, तुमाले याद नसन."

याद नव्हती हे खरंच होतं. इतकी शेतं, इतके धुरे, सगळी एकमेकांत मिसळून गेलेली. पण दगड दिसला आणि सगळं उलगडत गेलं.

एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा रोव्हर नव्हता, साखळी आणि नकाशा काढायचा फळा घेऊन मोजणी चाले. धनराजचा बाप सोमाजी आणि अंजनाबाईचा नवरा लटारू यांच्यातला वाद होता. तीनच दिवसांआधी याच नाल्याच्या काठी मोह वेचणारी एक बाई वाघानं नेली होती. दुपार कलल्यावर पलीकडं माकडं ओरडायला लागली आणि पंच म्हणाले, पुरे झालं आता. संघपालच्या घरी पोरगी सव्वा महिन्याची होती. तो हद्दीच्या अलीकडच्या दगडापाशी उभा राहिला, लांबून नाल्याकडं पाहिलं आणि फळ्यावर रेघ सरळ ओढून टाकली. लटारू त्याच्यापुढं येऊन विनवत होता, साहेब, हद्द तिथं वळते, दगड हाये, चला, मी पुढं होतो. संघपाल गेला नाही. पंचनाम्यात त्यानं लिहिलं, 'तिहद्दीचा दगड जागेवर मिळून आला नाही.'

सरळ रेघेनं लटारूच्या धानाच्या बांधीचा एक तुकडा आणि मोहाची चार झाडं सोमाजीकडं गेली.

त्यापुढचं संघपालला आज सकाळीच कळलं होतं, पोलीस पाटलाच्या घरी चहा पिताना. पाटील हसत हसत सांगत होता. लटारू म्हणे दगड उघडा करून लोकांना बोलावून दाखवत फिरला. सोमाजी म्हणाला, यानंच कुठून तरी आणून रोवला, सरकारी माणसानं तर लिहून दिलं आहे की दगड नाही. मग सरकारी कागदापुढं लटारूचं कोण ऐकणार? दहा वर्षं तो सिंदेवाही-चंद्रपूरच्या चकरा मारत राहिला. गावानं त्याचं नाव दगडचोर ठेवलं. पोरं मागून हाक मारून पळत. सहा वर्षांखाली तो गेला, तरी अजूनही त्याच्या घराला दगडचोराचं घर म्हणतात. चहा पिताना संघपालही थोडा हसला होता.

"जाळी पुन्हा लोटून देतो," हरिदासभाऊ खालच्या आवाजात म्हणाले. "मागच्या मोजणीसारखंच दाखवा. बुवा मेला, मागं पोर नाई. कोण इचारते? अन् मी मे महिन्यात रिटायर होऊन राह्यलो, साहेब."

हरिदासभाऊ वाईट माणूस नव्हते. सत्तावीस वर्षांत त्यांनी संघपालला दोनदा नदीतून ओढून काढलं होतं, एकदा तापात पाठुंगळी घेऊन चार कोस चालले होते. त्यांचं म्हणणं चूक आहे असंही संघपालला वाटेना. लिहायला एकच ओळ लागत होती, आणि ती ओळ आधीच लिहिलेली होती. पण तो फार दमला होता. तीच ओळ दुसऱ्यांदा लिहायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

तो उठला आणि अंजनाबाईजवळ गेला. तिच्यासमोर उभं राहून बोलणं बरं वाटेना, म्हणून गुडघा दाबत खाली बसला.

"बाई, दगड हाये. जागेवरच हाये. तुमचा माणूस खरं बोलत होता. तवा मोजणीले मीच आलतो. पण मी इथवर आलोच नवतो."

अंजनाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. ती रडेल, शिव्या देईल, काहीतरी करेल असं त्याला वाटलं होतं.

"मले मालूमच होतं," ती म्हणाली. "मले काऊन सांगता? त्याइले सांगा."

तिनं हनुवटीनं धुऱ्याकडं दाखवलं.

संघपाल धुऱ्यावर गेला. सगळ्यांना दगडापाशी आणून त्यानं रेघा दाखवल्या, यंत्रातला जुना नकाशा दाखवला, आणि जे बाईला सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. लोकांसमोर ते सांगायला जास्त वेळ लागला. धनराजचा चेहरा उतरला. तो म्हणाला की मी हे मानत नाही, वरच्या साहेबांकडून पुन्हा मोजून घेईन. तो तुमचा हक्कच आहे, असं संघपालनं त्याला सांगितलं. पोलीस पाटील पायातली चप्पल मातीत घासत राहिला. दोघांतला एक पंच म्हातारा होता. त्यानं वाकून दगडावरची माती हातानं पुसली आणि कुणाकडंही न पाहता म्हणाला, "लटारूनं मले हाच दाखवला होता."

मोहाखाली फळी मांडून संघपाल पंचनामा लिहायला बसला. 'तिहद्दीचा दगड जागेवर मिळून आला,' त्यानं लिहिलं. खाली आणखी एक वाक्य घातलं, की मागील मोजणीच्या वेळी मी स्वतः या ठिकाणापर्यंत गेलो नव्हतो. मी स्वतः, एवढंच. हरिदासभाऊंचं नाव त्यानं कुठंच येऊ दिलं नाही. याचा परिणाम काय होणार हे त्याला ठाऊक होतं, आणि पुढं तसंच झालं. दीड महिन्यानं नोटीस आली, खुलासा मागवला गेला, चौकशी लागली आणि त्याची बढती राहिली ती राहिलीच. हरिदासभाऊ मात्र ठरल्या दिवशी निवृत्तीचा नारळ घेऊन घरी गेले. धनराजनं फेरमोजणी करून घेतली. वरचे साहेब येऊन गेले, आणि दगड तिथंच असल्याचं त्यांनीही लिहून दिलं.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी मोहाखाली पंचांच्या सह्या झाल्या, धनराजनं कुरकुरत का होईना केली. मग संघपालनं अंजनाबाईला बोलावलं आणि शाईची डबी उघडली.

"अंगठा नाई," ती म्हणाली. "लिवतो."

तिनं पेन मुठीत धरला. कागदावर वाकून, जीभ ओठांत धरून ती एकेक अक्षर काढू लागली. काना एकीकडं, अक्षर दुसरीकडं. तीन अक्षरं व्हायला बराच वेळ लागला. संघपालनं कागद आपल्याकडं फिरवला. लिहिलं होतं, लटारू.

"बाई, इथी तुमचं नाव पायजे."

"माहं कोनं शिकवलं मले?" ती म्हणाली. "तो अर्ज लिवत बसे. पाहू पाहू येवढंच आलं."

नियमानं ती सही चालत नव्हती. खोडून वर बारीक सही करायची आणि पुन्हा घ्यायची, अशीच पद्धत होती. संघपालनं पेनाचं टोपण लावलं. तिचा अंगठा धरून शाईच्या डबीत टेकवला आणि त्या नावाला लागू न देता, शेजारी थोडी जागा सोडून, कागदावर उठवला.