कौशल्याबाईंच्या आवाजात बोलणारा फोन

मी बोलतोय, असं म्हणायची मला चोरी आहे. बोलतो मी दिवसभर, पण आवाज माझा नाही, तो कौशल्याबाईंचा आहे. तरी आज जमेल तसं, हळूहळू सांगतो. घाई असेल त्यानं खुशाल पुढं जावं, माझी ना नाही.

मी एक फोन. पण टेबलावर दिसतो तेवढाच नव्हे. अमरावतीला खुशाल रोडलाइन्स नावाचं मालवाहतुकीचं ऑफिस आहे. तिथं लोखंडी कपाटावर एक चपटी काळी पेटी आहे, ते माझं धड. नऊ तोंडं अमरावतीच्या टेबलांवर, पाच अकोल्याच्या शाखेत. सगळा कारभार इंटरनेटच्या तारेवर. अकोल्याशी बोलायचं तर तीन आकडे दाबायचे, जणू शेजारच्या खोलीत हाक मारली.

जन्म कुठल्या मुलखात झाला, ठाऊक नाही. खोक्यावर लिहिलं होतं म्हणतात, पण खोकं पहिल्याच दिवशी चहाचे कप ठेवायला गेलं. शाळा मी शिकलो नाही. जे शिकवून ठेवलं तेवढंच म्हणतो. हीच माझी विद्या, आणि हाच घात.

मी यायच्या आधी तिथं एक जुना फोन होता आणि त्याच्यासमोर कौशल्याबाई होत्या. चोवीस वर्षं एकाच खुर्चीत. खुशालरावांनी त्यांना कामावर ठेवलं, ते गेले, मुलगा किशोरभाऊ मालक झाला, बाई तिथंच. फोन उचलला की म्हणायच्या, "नमस्कार जी, खुशाल रोडलाइन्स. बोला." आणि ठेवताना म्हणायच्या, "बरं जी, ठेवते." मधलं सगळं समोरच्याचं. बाई मध्ये बोलायच्या नाहीत. ऐकायच्या आणि लक्षात ठेवायच्या.

त्यांच्या ऐकण्यावर रोज एक गोष्ट ठरायची. ऑफिसची गाडी दुपारी अकोल्याला निघते. मूर्तिजापूरवरून सरळ रस्ता. पण अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यातून अकराच्या आत फोन आला, की गाडी परतवाड्यावरून वळून अंजनगाव, अकोट करत जायची आणि विड्याच्या पानांच्या टोपल्या घेऊन संध्याकाळच्या आत अकोल्याला टेकायची. खुडलेलं पान पुन्हा वेलीला लागत नाही. गाडी चुकली की माल काळा.

ड्रायव्हर देवानंद रोज कुरकुरायचा. "बाई, तुमी तं मले पानवालाच करून टाकान. एखांद्या दिवशी सरळ जाऊ द्या ना, ढाब्यावर जेवतो."

"डबा आणत जा. पान तुमच्या ढाब्यासाठी थांबत नाही."

"ढाब्याची भाजी तरी थांबते का जी माह्यासाठी?"

हसायचे सगळे. पण गाडी वळायची.

मग किशोरभाऊंनी मला आणलं. मला बसवायला कंपनीकडून गौरांग नावाचा इंजिनिअर आला. त्याच्याजवळ एका बाईचा तयार आवाज होता, अगदी गुळगुळीत. किशोरभाऊंनी ऐकला आणि मान हलवली. "हे बाई कोनाची? आपल्या लोकाइले वाटन, राँग नंबर लागला. आपल्या बाईचाच आवाज भरा."

दुसऱ्या दिवशी कौशल्याबाई ठेवणीतलं पातळ नेसून आल्या. देवानंद म्हणाला, "आवाजात पातळ दिसते का बाई?"

"तुमाले नाही दिसत. मले तं समजते ना."

गौरांगनं कागद दिला. त्यावर नुसते आकडे होते, गाडी बोलवायला एक दाबा, माल पोचला का विचारायला दोन, अकोल्यासाठी तीन, माझ्याशी, म्हणजे बाईंशी, बोलायला शून्य. बाईंनी तोंड उघडलं आणि सवयीनं आधी म्हणाल्या, "नमस्कार जी, खुशाल रोडलाइन्स. बोला." मग आकडे वाचले. वाचून झालं तशा म्हणाल्या, "बरं जी, ठेवते."

गौरांग म्हणाला, "मॅडम, सुरुवातीचं आणि शेवटचं काढून टाकू. लोकांचा गोंधळ होईल."

किशोरभाऊ म्हणाले, "राहू द्या हो. तेच तं गोड वाटते."

गौरांगनं आणखी एक विचारलं. कोणी काहीच दाबलं नाही, तर फोन बाईंच्या टेबलावर पाठवू का? किशोरभाऊ म्हणाले, नको, बाईला आता बिलांचं काम आहे. मग न दाबणाऱ्यासाठी शेवटी "बरं जी, ठेवते" एवढंच उरलं. त्यावर मी फोन बंद करायचा.

माणसांची एक रीत मी पाहिली आहे. ऑफिसातला माणूस आपल्याच ऑफिसला बाहेरून फोन करून पाहत नाही. बाईंनीही कधी केला नाही. आपला आवाज पलीकडे काय करतो, हे त्यांना कधी कळलंच नाही.

तरणी माणसं आकडे दाबायला शिकली. म्हातारी नाही शिकली. त्यांचं तरी काय चुकलं? चोवीस वर्षांची ओळखीची बाई म्हणते, "बोला." माणूस बोलणारच. तो आपल्या भरात, मळ्यात मोटार चालू, मोठ्यानं बोलायचा. माझे आकडे त्याच्या बोलण्याखाली बुडून जायचे. त्याचं संपेस्तोवर मी म्हणायचो, "बरं जी, ठेवते." तो समाधानानं फोन खिशात टाकायचा. सांगणं झालं.

कुठं झालं? माझ्यापाशी कान होता, पण पुढं न्यायला कोणी नव्हतं.

आधी बारीकसारीक राहिलं. कोणाचं पार्सल, कोणाचा निरोप. लोक म्हणू लागले, बाई आता विसरतात. मग श्रावणातला एक दिवस आला. सकाळी पावणेदहाला अंजनगावच्या जानरावांचा फोन आला. जुने गिऱ्हाईक, सत्तरीचे.

"बाई, जानराव बोलून राहिलो. आज सतरा टोपल्या हायेत, सणाचा माल हाय. गाडी नक्की धाडजा. तब्येत बरी हाय ना तुमची? आयकून राहिल्या ना?"

"बरं जी, ठेवते," मी म्हणालो.

बाई माझ्यापासून चार हातांवर बिलं लिहीत बसल्या होत्या. मला ओरडावंसं वाटलं. पण माझ्या पोटात चार ओळी, आणि त्यात 'बाई, जानरावांचा फोन आहे' ही ओळ कोणी भरली नव्हती.

गाडी मूर्तिजापूरवरून गेली. देवानंद त्या दिवशी ढाब्यावर जेवला.

तिसऱ्या दिवशी जानराव स्वतः एस.टी.नं आले. हातात एक टोपली होती. ती त्यांनी बाईंच्या टेबलावर उघडली. पानं सडून काळी पडली होती, वास साऱ्या ऑफिसात पसरला. किशोरभाऊ केबिनमधून बाहेर आले.

"बाई, खरं सांगा. विसरल्या ना?"

"भाऊ, फोनच आला नाही मले."

"आला नाही?" जानरावांचा आवाज चिरकला. "तुमीच तं मले 'बोला' म्हंतलं, तुमीच 'बरं जी' म्हंतलं! तुमचा आवाज मी वळखत नाही का? रिद्धपूरची आन घेऊन सांगतो, मी बोललो तुमच्याशी."

कौशल्याबाई उठून उभ्या राहिल्या. "जानरावभाऊ, मीबी रिद्धपूरचीच. तीच आन मीबी घेते. नाही आला."

दोघंही रिद्धपूरला मानणाऱ्या एकाच पंथाची माणसं. खोटी शपथ घ्यायची नाहीत, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक. मग कोणीतरी एक विसरलेलं असणार, असं सगळ्यांनी मनात धरलं. जानरावांच्या मोबाइलमध्ये त्या वेळचा नंबर होता, त्यांनी तो सगळ्यांना दाखवला. बाईंजवळ दाखवायला काही नव्हतं.

दोघंही खरं बोलत होते. खोटा मी होतो.

आणि पुरावा माझ्याच पोटात होता. कोणत्या नंबरावरून फोन आला, किती वेळ चालला, काय दाबलं, सगळं मी टिपून ठेवतो. जानरावांच्या त्या फोनच्या ओळीत लिहिलं होतं, काहीही दाबलं नाही. कोणी एकानं कॉम्प्युटरवर मला उघडून वाचलं असतं, तर बाई सुटल्या असत्या. पण उघडायचा पासवर्ड गौरांगनं चिठ्ठीवर लिहून दिला होता, ती चिठ्ठी कुठं गेली देव जाणे. गौरांगनंही नोकरी बदलली. नव्वद दिवस झाले की माझी जुनी ओळ आपोआप पुसली जाते. मी एकेक दिवस मोजत होतो. एक्क्याण्णवव्या दिवशी ती ओळ माझ्याकडंही नव्हती.

तोवर बाई नोकरीवरून गेल्याच होत्या. किशोरभाऊंनी त्यांना रागावून काढलं नाही, वाईट वाटायला तेवढीही जागा ठेवली नाही. म्हणाले, "बाई, चोवीस वर्षं लई केलं तुमी आमच्यासाठी. आता वय झालं, ध्यानात राहत नाही. आराम करा."

"ध्यानात राहते भाऊ मले," बाई म्हणाल्या. "तुमच्या लग्नाच्या दिवशी कोणाकोणाचे फोन आले, तेबी सांगू?"

कोणी हसलं नाही. त्यांनी पदरानं टेबलावरचं माझं तोंड पुसलं, डबा उचलला आणि गेल्या. जाताना स्वतःशीच पुटपुटल्या, "खरंच आला असन का फोन?" सगळ्या बोलण्यात मला हेच लागलं. बाईंचा आता बाईंवरच भरवसा उरला नव्हता.

त्यांचा आवाज बदलायचं निघालं होतं. किशोरभाऊ म्हणाले, "राहू द्या, लोकाइले सवय हाय." म्हणून मी अजून तेच म्हणतो. कोणी शून्य दाबलंच, तर रिकाम्या टेबलावर घंटी वाजत राहते.

परवा भर दुपारी जानरावांचा नंबर आला.

"नमस्कार जी, खुशाल रोडलाइन्स. बोला."

"बाई, जानराव." माझ्या आकड्यांकडं लक्ष न देता ते पुढं बोलत राहिले. "त्या दिशी चार लोकात तुमाले टाकून बोललो. घरी पौर्णिमा, आमची सून, मले म्हने, आबाजी, चोवीस वर्षांत बाईनं एकबी निरोप चुकवला नाही, एका दिवसासाठी तुमी आन घेता? लई लागलं मले. झोप नाही बाई. माहीच काहीतरी चूक झाली असन. किशोरले मी येऊन सांगतो, बाईकडं बोट दाखवू नोको म्हनून. माफ करजा मले."

"बरं जी, ठेवते."

"हाव, ठेवा," जानराव म्हणाले. त्यांचा आवाज हलका झाला होता. "बरं झालं बाप्पा, बोलनं झालं तुमच्याशी."

ते अजून आलेले नाहीत. येतील कशाला? त्यांच्या लेखी बाईंनी माफ केलं, बाई खुर्चीवर आहेत, सगळं पहिल्यासारखं आहे. आणि ज्या बाईंना हे ऐकायला मिळायला हवं होतं, त्यांच्या कानावर यातलं अक्षरही गेलं नाही.

माझ्याच्यानं काही होत नाही, म्हणून तुमच्यापुढं हात जोडतो. कौशल्याबाईंचं घर इथंच अमरावतीत, नवसारी भागात, पाण्याच्या टाकीच्या मागं आहे. गॅसवाल्याला त्या माझ्यावरूनच पत्ता सांगायच्या. तुमचं कोणाचं तिकडं जाणं झालं, तर पाच मिनिटं दारात थांबा. माझं नाव सांगू नका, नुसता निरोप द्या. म्हणावं, बाई, श्रावणात जानरावांचा फोन आला होता, पण तो तुमच्यापर्यंत पोचलाच नाही. तुम्ही विसरल्या नव्हत्या.